चोवीस तारखेचं पाणी

हांदिल सबरांग
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

अर्बाया, सलाम.

आठ वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे, कारण जिल्हा शिक्षण कार्यालयाने भाग पाडलं. एरवी लिहिलं नसतं, हे आधीच सांगून टाकते.

शनिवारी त्यांचा कागद आला. विज्ञान शिक्षकांना शिकवण्याच्या जागेसाठी तू अर्ज केला आहेस. तुझी फाइल तपासताना २०१६ सालचा पाठ-निरीक्षणाचा शेरा निघाला. त्याखाली ज्येष्ठ शिक्षिका म्हणून माझी सही आहे. निवड समितीला माझ्याकडून लेखी हवं आहे: शेरा कायम, की दुरुस्ती? मुदत २७ तारखेची, रोजे सुरू व्हायच्या आत. शेरा कायम राहिला तर तुझा अर्ज तिथेच निकाली निघेल, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे.

पाठीमागे काही करायची मला सवय नाही, म्हणून कळवते.

शेरा मी परत वाचला. ‘उपकरण चाललं नाही. पाठाची तयारी अपुरी. विज्ञानाच्या तासाला सुतारकाम. विद्यार्थी निरीक्षकांना उलट उत्तरं देतात.’ यातलं कोणतं वाक्य खोटं आहे? उपकरण चाललं नव्हतं, तू तिथेच उभी होतीस. निरीक्षक साहेबांनी तारीख बदलली त्याला मी काय करणार होते?

तेव्हा शेरा कायम असं कळवायला मला अडचण नाही. तुला काही म्हणायचं असेल तर वेळेत लिही.

एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं झालं. दुसऱ्याचं ईदनंतर. बाकी ठीक.

मास्लियानी


शनिवार, ८ फेब्रुवारी

अर्बाया,

तुझं उत्तर नाही. डोंगरात पत्र पोचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, तरी रोज पोस्टाच्या होडीची चाहूल घेते. कार्यालयाचा कागद टेबलावर तसाच आहे. ‘कायम’ या एका शब्दापुढे खूण करायची आणि पाठवून द्यायचा, पाच मिनिटांचं काम. आठवडा झाला.

काल आपले होडीवाले काका, अमांग सरकानी, मला शाळेत सोडायला आले होते. मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं, त्याचं नंतर सांगेन. अमांगांनी अजून होडी विकलेली नाही, गुडघे मात्र विकायला काढलेत असं स्वतःच म्हणतात. मी होडीत पाय टाकला तर म्हणाले, “पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलंत बू गुरु, आणि अजून उजवा पाय आधी.” मी म्हटलं, शिक्षिकेला शिकवू नका, गप्प बसा आणि वल्हवा.

तेव्हापासून तू आणि मी एका होडीने शाळेत जात होतो ते दिवस डोक्यातून जात नाहीत. पाच वर्षं. मी पुढे, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. तू मध्ये, हातात केळीच्या पानात बांधलेला पिवळा भात आणि लाल रश्शातली मरळ. तू खात खात बोलायचीस आणि मी म्हणायचे, आधी गीळ. तुझं बोलणं एकच: आज वर्गात हे करून बघू का बू, ते करून बघू का. मी म्हणायचे, आधी धडा संपव. अमांग मागून म्हणायचे, “तुम्ही दोघी उतरलात की माझे कान वाळत घालतो.”

आणि त्याच्याही आधीची तू. आठवीतली, दोन वेण्या, तिसरा बाक. मी आम्ल आणि आम्लारी सांगत होते. तू उठून विचारलंस, आमच्या कालव्याचं पाणी आंबट का, त्यात भाताची मुळं का जळतात? मी म्हटलं, ते पुस्तकात नाही, खाली बस. तू बसलीस. परीक्षेत तुला अठ्ठ्याण्णव मिळाले. ते अठ्ठ्याण्णव मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत होते. तो प्रश्न कोणाला सांगितला नाही.

पुढे तू शिक्षिका होऊन परत आलीस, आणि २०१६ साली मोठ्या शहरातलं प्रशिक्षण घेऊन आलीस. ‘स्टेम’. विज्ञान, तंत्र, बांधणी आणि गणित, चारही एकाच तासात. शिक्षकांच्या खोलीत मी म्हटलं होतं की चार भाज्या एका पातेल्यात टाकल्या की स्वयंपाक होत नाही. सगळे हसले. तूही हसलीस आणि म्हणालीस, “बू, चव तर घेऊन बघा.”

तू आठवीच्या वर्गाला तोच प्रश्न दिलास, सतरा वर्षं जपून ठेवलेला. पाणी आंबट आहे, भात जळतो, तुम्ही काय कराल? पुस्तक बंद. पहिल्या दिवशी सगळे तुझ्याकडे बघत बसले, उत्तर कधी सांगणार म्हणून. माझ्या हाताखालून गेलेली मुलं, त्यांना दुसरं काय येणार. तिसऱ्या आठवड्यापर्यंत सहा गटांची सहा उत्तरं होती. कोणी गोकर्णाच्या फुलांचा निळा काढा करून दर कालव्याचं पाणी तपासत होतं, किती लाल होतं ते बघत. कोणी वाफे उंच करत होतं. हलिदाच्या गटाने दोन दारं काढली होती. एका कालव्यावर आत उघडणारं, भरतीला नदीचं गोडं पाणी आत घेणारं. दुसऱ्यावर बाहेर उघडणारं, ओहोटीला आंबट पाणी बाहेर सोडणारं. पाणी एकाच दिशेने फिरेल आणि जमीन धुऊन निघेल. पत्र्याची झडप आणि जुन्या चपलेच्या रबराची बिजागरी. दाराचं क्षेत्रफळ आणि पाण्याचा रेटा त्यांनी मांडून काढला होता. गणित मी तपासलं होतं, तुला न सांगता. बरोबर होतं.

इतकंच लिहायचं होतं.

मास्लियानी


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अर्बाया,

तुझं पत्र बुधवारी आलं. एक पान. तीनदा वाचलं.

भांडशील असं वाटलं होतं. तू लिहितेस, ‘बू, तुम्ही बघितलं तसंच लिहिलं असेल. चांद मोजण्यात मी चुकले नव्हते, पण आदल्या दिवशी होडी करून निरीक्षकांना भेटून सांगायला हवं होतं की या सोमवारी पाणी हलणार नाही. ते केलं नाही, ती माझी तयारी कमी पडली. तुम्ही शेरा कायम ठेवलात तरी माझं काही म्हणणं नाही.’ पुढे डोंगरातल्या मुलांचं लिहिलं आहेस. त्यांनी भरती कधी बघितलेली नाही म्हणून तू परातीत पाणी घेऊन ती हलवून दाखवतेस आणि तेव्हा आपला कालवा आठवतो. बांबूच्या पाणचक्कीचं लिहिलं आहेस. आणि शेवटी, ‘हलिदा काय करते?’

मला माहीत नव्हतं. आठ वर्षांत विचारलं नव्हतं. म्हणून काल गेले.

शाबान महिन्याची पंधरावी रात्र जवळ आली होती, पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी होतं. कालवा काठोकाठ. मशिदीत रात्रीच्या वाचनाची तयारी चालली होती, बायका तांदळाच्या गोड आपामच्या परड्या घेऊन निघाल्या होत्या. मी अमांगांना म्हटलं, हलिदाच्या बापाच्या शेतावर चला. ते म्हणाले, “आता? बरोबर वेळेला निघालात. आज तिथलं दार बघण्यासारखं असतं.”

दार आहे, अर्बाया. दोन्ही दारं आहेत.

हलिदा बावीस वर्षांची आहे. मला बघून चिखलातून तशीच वर आली आणि उभी राहिली. मी फळीवर बसले तरी ती बसेना. पहिली पाचेक मिनिटं माझ्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो बू गुरु’, ‘नाही बू गुरु’. मग दाराविषयी विचारलं तेव्हा तोंड उघडलं. पहिली झडप पत्र्याची, ती गंजली. दुसरी प्लास्टिकच्या पिंपाची. आता पातळ लाकडाची आहे, चौथी.

“पत्र्याची फार जड होती,” ती म्हणाली. “भांगाला भरती कमी, तेव्हा हलायचीच नाही. त्या दिवशी निरीक्षक आले तेव्हा नाही का हलली. मग मी विचार केला, उधाणाला काय, कोणतंही दार उघडेल. चांद अर्धा असताना उघडलं पाहिजे. म्हणून हलकी करत गेले. आता भांगालाही उघडते, दोन बोटं, पण उघडते.”

तिने वही दाखवली. चारही दारांची चित्रं, प्रत्येकाचं माप, चूक कुठे झाली ते लाल पेन्सिलीने. प्रत्येक अमावास्येला आणि पौर्णिमेला गोकर्णाच्या काढ्याचा रंग, वहीच्या कडेला लावलेला ठिपका. सुरुवातीचे ठिपके लाल. अलीकडचे जांभळे, काही तर निळ्याकडे झुकलेले. पाच शेजाऱ्यांनी तशीच दारं बसवली आहेत. सहावा बसवणार नाही म्हणतो, कारण त्याचं तिच्या बापाशी म्हशीवरून भांडण आहे.

एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. त्या फसलेल्या दिवसातूनच हे निघालं, मग माझ्या हातून इतकं वाईट काही झालं नाही, असं मनात आलं. लगेच लाज वाटली. त्या दिवसातून जे काढलं ते तिने काढलं. मी त्यात काही घातलेलं नव्हतं.

निघताना तिने विचारलं, “बू अर्बाया परत येणार का?” मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. खरं उत्तर माझ्या टेबलावर होतं.

परतताना अमांग म्हणाले, “मी तेव्हाच म्हटलं होतं. चांदाच्या तेविसाव्या दिवशी पाणी बघायला माणूस आणतं का कोणी? पण वाटलं, निरीक्षक शहरातला, त्याला काय कळतंय. आणि तुम्ही पुस्तकातल्या. तुमच्याही लक्षात आलं नसेल.”

“माझ्या लक्षात होतं,” मी म्हटलं.

त्यांनी वल्हं थांबवलं. माझे वडील या कालव्याच्या तोंडाशी चाळीस वर्षं बांध राखत होते हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक. मी चालायला शिकायच्या आधी चांदावरून पाणी सांगायला शिकले होते. त्यांनी परत वल्हं मारलं. मग म्हणाले, “पाय वर घ्या बू, होडीत पाणी येतंय.”

तुझ्याआधी त्यांना सांगितलं, हे बरोबर झालं नाही. पण तोंडातून गेलं. उरलेलं पुढच्या पत्रात लिहिते. आज हात चालत नाही.

मास्लियानी


गुरुवार, २० फेब्रुवारी

अर्बाया,

आज सरळ लिहिते.

निरीक्षक साहेबांनी तारीख बदलली नव्हती. त्यांचं पत्र ६ ऑक्टोबरला माझ्या नावाने आलं होतं: १७ की २४, शाळेला सोयीचा सोमवार कळवा. तू महिनाभर आधीपासून पाठासाठी १७ धरून बसली होतीस. पौर्णिमा १६ ला, सतराला उधाण, सकाळच्या तासाला कालव्यात नदी शिरणार. फळ्याच्या कोपऱ्यात तू चांद काढला होतास आणि मुलं रोज त्याचा एक तुकडा पुसून नवा काढत होती. मी ‘२४’ लिहून पाठवलं. तुला सांगितलं, साहेबांना तोच सोयीचा.

तू माझ्या टेबलाशी येऊन म्हणालीस, “बू, चोवीसला पाणी हलणारच नाही. मुलांनी दीड महिना काम केलंय. साहेबांना काहीही सांगा, फक्त ती तारीख नको.” मी वह्यांतून मान वर न करता म्हटलं, “विज्ञान चांद बघून चालत नाही.” बांध राखणाऱ्याची मुलगी, हे बोलले.

चोवीसला काय झालं ते तुला सांगायला नको. पाणी कालव्यात उभं होतं, पान टाकलं तर जागचं हलेना. झडप लोंबत राहिली. साहेब वाकून बघत म्हणाले, “हे दार झोपलंय की काय?” सगळे हसले, मी पण. आणि हलिदा म्हणाली, “दार जागं आहे साहेब, आज पाणी झोपलंय.” तेरा वर्षांच्या पोरीने अख्ख्या भूगोलाचं उत्तर एका वाक्यात दिलं होतं. साहेबांना ते आवडलंही होतं, ते हसले होते. मीच तिला दटावलं. आणि शेऱ्यात लिहिलं, उलट उत्तरं देतात. जानेवारीत तुझी बदली झाली, डोंगरात, जिथे भरती नाही. मी निरोपाला आले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.

का केलं, हे तू कधी विचारलं नाहीस, कारण केलं हेच तुला माहीत नव्हतं. तरी सांगते.

सप्टेंबरातली एक सकाळ. मी तुझ्या वर्गावरून जात होते. आत गोंधळ, पत्रे वाजताहेत, आणि हलिदा समोर उभी राहून बोलते आहे. वर्षभर ती माझ्या वर्गात होती. हजेरीखेरीज मी तिचा आवाज ऐकला नव्हता, मला वाटायचं तिला सांगण्यासारखं काही नाही. आणि ती हात हलवून, रेटा कुठून येतो, बिजागरी वर का हवी, खाली का नको, असं धडाधड सांगत होती. एक मुलगा म्हणाला, खाली लावून बघू, तर ती म्हणाली, बघ लावून, पडेल. पोरं हसली. मी दारात थांबले. खरं तर ऐकायला थांबले. तिची नजर माझ्यावर पडली आणि ती वाक्याच्या मध्येच गप्प झाली. हात खाली गेले. मग सगळा वर्ग गप्प झाला, आणि तू वळून म्हणालीस, “या ना बू.”

मी आले नाही. इतक्या वर्षांच्या शिस्तीचं माझं जे काही होतं ते त्या शांततेत मला दिसलं. राग मला स्वतःचा यायला हवा होता. तो तुझा आला. तुझा राग करणं सोपं होतं.

आता मुख्याध्यापकांचं. शाळेत नवी विज्ञानाची खोली बांधली आहे. ईदनंतर तिला माझं नाव द्यायचं ठरवलं आहे, त्यासाठीच बोलावलं होतं. कार्यालयाच्या कागदाचं त्यांच्या कानावर गेलं, म्हणून ते परवा घरी आले. माझ्याच हाताखालून गेलेला मुलगा, अजून माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतो. चहा संपेपर्यंत पावसाचं बोलला. मग म्हणाला, “बू, जुनी गोष्ट आहे. ‘कायम’ लिहून टाका. दुरुस्ती लिहिलीत तर लोक विचारणार, चूक कोणाची. पाटी रंगवायला दिली आहे, मी रंगाऱ्याला काय सांगू?”

“रंग वाळू देऊ नको म्हणून सांग,” मी म्हटलं.

तो गेल्यावर दार लावलं आणि ट्रंक उघडली. निरीक्षकांचं ते पत्र आणि माझ्या उत्तराची झेरॉक्स तळाशी होती. मी कागद फाडत नाही, हा गुण की आणखी काही, ठरवता आलं नाही. घरात कोणी नव्हतं तरी ते पत्र मी पदराआड धरून वाचलं.

मला भीती वाटते, अर्बाया. सत्तरीकडे झुकलेल्या बाईला गावात दुसरं काय असतं, ‘बू गुरु’ या हाकेखेरीज. बाजारात मासेवाली आचिल, ती मावशीसुद्धा मला आधी मासे देते आणि म्हणते, यांनी आमच्या अख्ख्या घराला वाचायला शिकवलं. तिलाही कळेल.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, तुझं पत्र वाचून कळलं. ती इतक्या स्वस्तात मला नको आहे.

मास्लियानी


गुरुवार, २७ फेब्रुवारी

अर्बाया,

सकाळी अमांगांच्या होडीने निघाले, पुढे बसने जिल्ह्याच्या गावी. हलिदा वही द्यायला धक्क्यावर आली होती. मी तिला तिथेच सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझं गणित सतराला बरोबर होतं?” मी म्हटलं, बरोबर होतं, मी तपासलं होतं. ती म्हणाली, “मग तेव्हा सांगायचं ना, बू.” एवढंच. आवाज चढला नाही. वही माझ्या हातात दिली आणि सांगितलं की परत हवी आहे, उद्याच्या अमावास्येच्या आत.

कार्यालयातली कारकून तरुण आहे. मला ओळखत नाही, बरं वाटलं. निवेदन वाचता वाचता तिने दोनदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “बू, एक ओळ पुरली असती. एवढं सगळं लिहायची गरज नव्हती.” मी म्हटलं, शिक्का मार.

समितीचा निर्णय आठवड्याने. तो काय होईल ते मला माहीत नाही आणि तिलाही नव्हतं. पोचपावतीच्या दोन प्रती केल्या. तुझी सोबत जोडते.

मास्लियानी


कागदपत्रं सुपूर्द केल्याची नोंद

दिनांक २७ फेब्रुवारी २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं.

देणार: मास्लियानी, निवृत्त विज्ञान शिक्षिका, हांदिल सबरांग.
घेणार: आवक विभाग, जिल्हा शिक्षण कार्यालय.
विषय: शिक्षिका अर्बाया यांच्या फायलीतील २४ ऑक्टोबर २०१६ चा शेरा.

१. निवेदन, हाताने लिहिलेलं, पानं तीन, प्रत्येक पानावर सही.
२. निरीक्षकांचं ६ ऑक्टोबर २०१६ चं पत्र, अस्सल, पान एक.
३. त्यावर देणाऱ्याने पाठवलेल्या उत्तराची झेरॉक्स, पान एक.
४. हलिदा हिची वही, पानं ब्याण्णव. नक्कल काढून परत करायची. देणाऱ्याच्या समोर नक्कल काढली, वही परत दिली.
५. विज्ञान खोलीला देणाऱ्याचं नाव देऊ नये असा अर्ज, पान एक. मूळ मुख्याध्यापकांकडे, इथे प्रत.

शेरा कायम / दुरुस्ती: दुरुस्ती.

दुरुस्तीचा मजकूर, देणाऱ्याच्या अक्षरात: पाठाची तयारी पूर्ण होती. पाणी अपुरं होतं. ते अपुरं असेल हे शिक्षिकेने मला आधी सांगितलं होतं, आणि तिने सांगायच्या आधी मला माहीत होतं.